सीडी आणि डीव्हीडी: विदासाठवण व राखीव प्रती

सीडी आणि डीव्हीडी या लेसर किरणांच्या साहाय्याने विदा लिहिण्यासाठी व वाचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकाशीय चकत्या होत. दोन्हींचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. हातात घेतल्यावर त्या एकसारख्याच दिसतात. विदा किती मावते, ती चकतीच्या नेमक्या कोणत्या खोलीवर असते, चरा किंवा डाग पडल्यास कितपत परत मिळू शकते आणि चकती किती वर्षे टिकते, या बाबतींत मात्र त्यांच्यात महत्त्वाचे फरक आहेत. छायाचित्रे, कार्यालयीन कागदपत्रे, हिशेब व चित्रफिती यांची राखीव प्रत, म्हणजेच प्रचलित भाषेतील बॅकअप, ठेवताना केवळ धारणक्षमता पाहून चकती निवडण्याची पद्धत रूढ होती. पुढे वाचता न आलेल्या चकत्यांचे प्रश्न मात्र बहुधा इतर फरकांतून उद्भवलेले असतात.

इतिहास

सीडी हे फिलिप्स व सोनी या कंपन्यांचे संयुक्त अपत्य आहे. तिचे मानक १९८० मध्ये ठरले आणि १९८२ साली जपानमध्ये ती संगीतासाठी विक्रीस आली. संगणकाची विदा साठवण्याचा विचार नंतरचा. सीडी-रॉमचे मानक १९८३ मध्ये तयार झाले, तर वापरकर्त्याला स्वतः लिहिता येणारी सीडी-आर १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या तायो युदेन या कंपनीने विकसित केली. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या काळात एका चकतीत साडेचारशेहून अधिक फ्लॉपींचा ऐवज मावणे ही मोठीच झेप होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यास अधिक घनतेच्या चकतीसाठी दोन परस्परविरोधी आराखडे पुढे आले. एक फिलिप्स व सोनी यांचा, तर दुसरा तोशिबा, टाइम वॉर्नर आदी कंपन्यांचा होता. संगणक उद्योगाने, विशेषतः आयबीएमने, दोन विसंगत मानके नकोत असा आग्रह धरल्यामुळे १९९५ मध्ये तडजोड होऊन डीव्हीडीचे एकच मानक ठरले. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये पहिली यंत्रे विक्रीस आली. हा समेट फक्त कारखान्यात छापल्या जाणाऱ्या चकत्यांपुरता टिकला. लिहिता येणाऱ्या डीव्हीडींच्या बाबतीत उत्पादकांचे पुन्हा दोन गट पडले, आणि वजा व अधिक या चिन्हांचा गोंधळ त्यातूनच जन्मला.

भारतात मोझर बेअर ही कंपनी नोएडा परिसरातील कारखान्यांतून लिहिता येणाऱ्या चकत्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करीत असे आणि जगातील अग्रगण्य उत्पादकांत तिची गणना होई. मागणी ओसरल्यानंतर कंपनी कर्जात बुडाली व २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

रचना

दोन्ही चकत्यांवर विदा एका अखंड सर्पिल मार्गावर, आतून बाहेरच्या दिशेने लिहिलेली असते. छापील चकतीत या मार्गावर सूक्ष्म खड्डे व सपाट जागा असतात. लेसर किरण त्यांवरून परावर्तित होताना त्याच्या तीव्रतेत जो बदल होतो, त्यावरून विदा ओळखली जाते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतात, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर. सीडीच्या मार्गाच्या लगतच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते, डीव्हीडीत ते ०.७४ मायक्रोमीटर असते. सर्वांत लहान खड्ड्याची लांबी सीडीत सुमारे ०.८३, तर डीव्हीडीत ०.४० मायक्रोमीटर असते. सीडीवरील सर्पिल मार्ग उलगडला तर तो ५ किलोमीटरांहून अधिक, आणि डीव्हीडीच्या एका थरावरील मार्ग जवळपास १२ किलोमीटर भरेल.

राखीव प्रतींच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक थरांच्या मांडणीत आहे. सीडी हा १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा एकच तुकडा असतो. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर विदेचा थर, त्यावर धातूचा परावर्तक थर आणि त्यावर काही मायक्रोमीटर जाडीचा लाखेसारखा लेप एवढेच असते. नाव लिहिण्याची बाजू ही प्रत्यक्षात विदेपासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर असते. सर्वसाधारण समजूत मात्र नेमकी उलट असते. चकचकीत बाजू जपली जाते आणि नावाची बाजू निर्धास्तपणे टेबलावर घासली जाते. सीडीच्या चकचकीत बाजूवरचा चरा अनेकदा घासून नाहीसा करता येतो, कारण त्याच्या आणि विदेच्या मध्ये एक मिलिमीटरहून अधिक प्लॅस्टिक असते. नावाच्या बाजूने पडलेला खोल चरा मात्र परावर्तक थरच खरवडून नेतो, आणि तेथील विदा कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. टोकदार बॉलपेनने सीडीवर नाव लिहिल्यानेही अशी हानी होऊ शकते.

डीव्हीडी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनवलेली असते व विदेचा थर त्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. त्यामुळे नावाच्या बाजूवरील चऱ्याने डीव्हीडीची विदा सहसा बिघडत नाही. पण या रचनेचे स्वतःचे दोन दोष आहेत. पहिला असा, की दोन चकत्यांमधील चिकटद्रव्य सदोष असेल किंवा चकती वारंवार वाकवली गेली तर कडेपासून थर सुटू लागतात. घट्ट पकडीच्या डबीतून चकती ओढून काढणे हे अशा वाकण्याचे नेहमीचे कारण होय. दुसरा दोष चकचकीत बाजूशी संबंधित आहे. त्या बाजूने विदा आता निम्म्याच खोलीवर असल्याने पृष्ठभागावरील चऱ्याची वा बोटाच्या ठशाची सावली किरणपुंजावर तुलनेने अधिक गडद पडते, आणि तिच्याखाली येणारे खड्डेही अधिक दाटीचे असतात. पातळ थर निवडण्यामागे मात्र सबळ कारण होते. सूक्ष्म ठिपका मिळवण्यासाठी डीव्हीडीच्या भिंगाचे संख्यात्मक छिद्र ०.४५ वरून ०.६० पर्यंत वाढवावे लागले. अशा भिंगाला जाड प्लॅस्टिकमधून वाचताना चकतीचा किंचितसा कलही सहन झाला नसता.

धारणक्षमता व वेग

सुरुवातीच्या सीडीची क्षमता ७४ मिनिटांचे संगीत किंवा ६५० मेगाबाइट विदा एवढी होती. पुढे ८० मिनिटांची, ७०० मेगाबाइटची चकती रूढ झाली. एका बाजूच्या व एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट, दोन थरांच्या चकतीवर सुमारे ८.५ गिगाबाइट, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन थर असलेल्या छापील चकतीवर सुमारे १७ गिगाबाइट विदा मावते.

या आकड्यांची तुलना करताना एक बाब ध्यानात घ्यावी लागते. सीडीची क्षमता १,०४८,५७६ बाइटांचा एक मेगाबाइट या हिशेबाने सांगितली जाते, तर डीव्हीडीची क्षमता एक अब्ज बाइटांचा एक गिगाबाइट या दशमान हिशेबाने. ८० मिनिटांच्या सीडीवर प्रत्यक्षात ७३,७२,८०,००० बाइट मावतात, म्हणजे नाव ७०० असूनही थोडे अधिकच. ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी मात्र विंडोजमध्ये ४.३८ गिगाबाइटच्या आसपासच दिसते. साडेचार गिगाबाइटचा फोल्डर डीव्हीडीवर का मावत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

मूळ ६५० मेगाबाइटच्या सीडीच्या तुलनेत डीव्हीडीच्या एका थरावर सुमारे सातपट विदा मावते. यांपैकी साडेचारपट वाढ मार्ग व खड्डे बारीक केल्यामुळे झाली. उरलेली दीडपट संकेतनाची पद्धत व त्रुटिसुधार अधिक काटकसरीचे केल्याने.

वेगाच्या बाबतीतही दोन्हींची परिमाणे भिन्न आहेत. सीडीचा ‘१ एक्स’ वेग म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, तर डीव्हीडीचा ‘१ एक्स’ म्हणजे सेकंदाला सुमारे १३८५ किलोबाइट, जवळपास नऊपट. त्यामुळे १६ एक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह ५२ एक्सच्या सीडी ड्राइव्हपेक्षा संथ असतो असे मानणे चूक आहे. वेष्टनावर छापलेला कमाल वेग दोन्ही प्रकारांत फक्त चकतीच्या बाहेरच्या कडेजवळच गाठला जातो.

त्रुटिसुधार

कोणतीही प्रकाशीय चकती पूर्णपणे निर्दोष वाचली जात नाही. धूळ, बारीक चरे आणि खुद्द निर्मितीतील उणिवा यांमुळे वाचनात सतत त्रुटी येत असतात आणि अतिरिक्त विदेच्या आधारे त्या दुरुस्त केल्या जातात. दोन्ही चकत्यांत यासाठी रीड-सॉलोमन संकेत वापरले आहेत, मात्र त्यांची मांडणी वेगळी आहे.

संगीताच्या सीडीत त्रुटिसुधाराचे दोन स्तर असतात. दुरुस्त न झालेला ध्वनीचा अंश शेजारच्या ध्वनीवरून अंदाजाने भरून काढता येतो आणि ऐकणाऱ्याला तो बहुधा जाणवतही नाही. हिशेबाच्या फाइलमधील आकडा असा अंदाजाने भरता येत नाही. म्हणून सीडी-रॉममध्ये तिसरा स्तर जोडण्यात आला. २३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात वापरकर्त्याची विदा २०४८ बाइट एवढीच ठेवून २७६ बाइट निव्वळ त्रुटिसुधारासाठी राखले गेले. डीव्हीडीत १६ खंडांचा, म्हणजे ३२ किलोबाइटचा, एक गट करून त्यावर उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी संकेत लावले जातात. त्यामुळे सीडीचे मूलभूत दोन स्तर मार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचे नुकसान भरून काढतात, तर डीव्हीडीत ही मर्यादा सुमारे सहा मिलिमीटर आहे.

डीव्हीडीची त्रुटिसुधारक्षमता अशा प्रकारे अधिक असली, तरी तिला दाट विदेमुळे अधिक त्रुटींना तोंडही द्यावे लागते. शिवाय गटाची मर्यादा ओलांडली की एकदम ३२ किलोबाइट हातचे जातात. सीडीत विदा दोन-दोन किलोबाइटांच्या तुकड्यांनी गमावली जाते. मजकुराच्या लहान फाइलींच्या संग्रहात हा फरक जाणवण्याजोगा असतो.

चकती पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार पुसू नये, या सूचनेचे कारणही त्रुटिसुधारातच आहे. मार्गाला छेदून जाणारा चरा प्रत्येक वेढ्यातील थोडीशी विदा बिघडवतो व ती दुरुस्त होते. मार्गाच्या दिशेने गेलेला तेवढाच चरा सलग विदा नष्ट करतो.

भारतात लग्नसमारंभांच्या चित्रणासाठी दीर्घकाळ लोकप्रिय असलेली व्हीसीडी ही या दृष्टीने सर्वांत कमकुवत ठरते. ती सीडीच असली, तरी चित्रफितीसाठी अधिक जागा मिळावी म्हणून तिच्यात तिसरा स्तर गाळून प्रत्येक खंडात २३२४ बाइट भरलेले असतात. त्यामुळे त्याच दर्जाच्या चकतीवर चित्रफीत साध्या फाइलच्या रूपात लिहिली असती, तर ती अधिक काळ वाचता आली असती. कपाटातील जुन्या चकत्यांपैकी कोणत्या आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात असा प्रश्न पडल्यास व्हीसीडींना अग्रक्रम देणे उचित होय.

लिहिता येणाऱ्या चकत्यांचे प्रकार

छापील चकतीत खड्डे साच्याने उमटवलेले असतात. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आर, डीव्हीडी-आर व डीव्हीडी+आर या चकत्यांत परावर्तक थरालगत सेंद्रिय रंजकाचा थर असतो. लिहिताना लेसरच्या उष्णतेने रंजकात कायमस्वरूपी बदल होऊन खड्ड्यासारखा परिणाम साधला जातो. सीडी-आरमध्ये सायनिन, थॅलोसायनिन व ॲझो असे तीन प्रकारचे रंजक वापरले गेले. त्यांपैकी थॅलोसायनिन प्रकाशाला सर्वाधिक दाद देत नाही.

पुनर्लेखन करता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू व डीव्हीडी+आरडब्ल्यू यांत रंजकाऐवजी धातूंचे एक मिश्रण असते. उष्णतेच्या प्रमाणानुसार ते स्फटिकी व अस्फटिकी अशा दोन अवस्थांत आलटून पालटून नेता येते. अशा चकतीवर सुमारे हजार वेळा लिहिता येते. डीव्हीडी-रॅम हा चौथा प्रकार सुमारे एक लाख पुनर्लेखनांसाठी आखलेला आहे. तिच्यात खराब जागा टाळून विदा दुसरीकडे लिहिण्याची सोयही आहे. राखीव प्रतींसाठी ती तांत्रिकदृष्ट्या या सर्वांत सरस होती, परंतु अनेक ड्राइव्हांत ती चालत नसल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला.

वजा व अधिक या चिन्हांच्या चकत्यांत साठवणक्षमतेचा फरक नगण्य आहे. २००० च्या दशकाच्या मध्यापासून आलेले बहुतेक ड्राइव्ह दोन्ही प्रकार लिहितात व वाचतात. त्यापूर्वीच्या ड्राइव्हांत मात्र एका गटाची चकती दुसऱ्या गटाच्या यंत्रात लिहिता येत नसे.

फाइलव्यवस्था व देवनागरी नावे

सीडीवर प्रामुख्याने आयएसओ ९६६० ही फाइलव्यवस्था वापरली जाते. तिच्या मूळ व सर्वांत कडक स्तरात फाइलीचे नाव आठ अक्षरे व पुढे तीन अक्षरांचा विस्तार एवढेच असू शकते, आणि तेही केवळ रोमन मोठी अक्षरे, आकडे व अधोरेषा यांतच. मराठी नावाची फाइल या व्यवस्थेत तिच्या मूळ नावाने ठेवताच येत नाही. मायक्रोसॉफ्टने आणलेल्या जोलिएट या विस्ताराने युनिकोडमधील ६४ वर्णांपर्यंतची नावे शक्य झाली, आणि तेव्हापासून सीडीवर देवनागरी नावे दिसू लागली. येथे एक अडचण शिल्लक राहते. देवनागरीतील काना, मात्रा व हलन्त यांची गणना स्वतंत्र वर्ण म्हणून होत असल्याने मराठी नाव दिसते त्याहून बरेच लांब मोजले जाते. लांबलचक नावे लिहिताना ती कापली जाऊन दोन फाइली सारख्याच नावाच्या होण्याचा संभव असतो.

डीव्हीडीसाठी यूडीएफ ही व्यवस्था आखली गेली. तिच्यात नावे अधिक लांब असू शकतात आणि चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकच फाइलही ठेवता येते. डीव्हीडीवर आयएसओ ९६६० वापरल्यास अनेक प्रणालींत चार गिगाबाइटची मर्यादा आड येते, ही बाब चित्रफिती व संपूर्ण संगणकाच्या प्रतिमा साठवताना महत्त्वाची ठरते.

सीडीवर टप्प्याटप्प्याने विदा लिहिण्याचीही सोय आहे. मात्र अशा पहिल्या सत्रासाठी सुमारे २२ आणि पुढील प्रत्येक सत्रासाठी सुमारे १३ मेगाबाइट जागा केवळ सीमाखुणांसाठी खर्ची पडते. रोज थोडीथोडी विदा जोडत गेल्यास सीडीचा मोठा भाग याच खर्चात संपतो. शिवाय अशी चकती अखेरीस बंद केली नाही, तर ती लिहिणाऱ्या यंत्राखेरीज अन्यत्र वाचली जाईलच असे नाही.

आयुर्मान

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत उत्पादकांचे सर्वसाधारण मत नोंदवले आहे. त्यानुसार योग्य निगा राखल्यास एकदाच लिहिता येणाऱ्या चकत्या १०० ते २०० वर्षे, तर पुनर्लेखनाच्या चकत्या २५ वर्षे टिकू शकतात. हे आकडे प्रत्यक्ष अनुभवाचे नाहीत. चकत्या काही आठवडे अत्यंत उष्ण व दमट कोठीत ठेवून, त्यांतील त्रुटींच्या वाढीवरून सामान्य तापमानातील आयुष्याचा गणिताने बांधलेला तो अंदाज असतो. प्रकाश, हाताळणी आणि निकृष्ट उत्पादन यांचा त्यात समावेश नसतो. स्वस्त चकत्या काही वर्षांतच वाचेनाशा झाल्याचा अनुभव सर्वत्र आलेला आहे.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेने याबाबत अधिक सावध क्रमवारी लावली आहे. थॅलोसायनिन रंजक व सोन्याचा परावर्तक थर असलेल्या सीडी-आरला तिने १०० वर्षांहून अधिक, तर सोन्याचाच थर असलेल्या डीव्हीडी-आरला ५० ते १०० वर्षे आयुष्य दिले आहे. सोन्याचा उपयोग शोभेसाठी नाही. चांदीवर हवेतील गंधकयुक्त वायूंचा परिणाम होऊन ती काळवंडते, सोने तसे होत नाही. समान धातू वापरूनही सीडी अधिक टिकाऊ मानली जाते, हे अनेकांना अनपेक्षित वाटेल. बारीक खुणांच्या चकतीत थोडासा रासायनिक बदलही विदेपर्यंत पोहोचतो, हे त्यामागील एक कारण होय.

वरील अमेरिकी मार्गदर्शिकेने साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सियस तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. वातानुकूलन नसलेल्या महाराष्ट्रातील वा गोव्यातील घरात हे दोन्ही निकष वर्षाचा बहुतांश काळ पाळणे अशक्य आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत पोहोचते. अशा हवामानात वेष्टनावरील वर्षांचा आकडा गृहीत धरणे धोक्याचे आहे. बाहेरच्या भिंतीला न टेकलेले बंद कपाट, प्रत्येक चकतीला स्वतंत्र कडक डबी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि चकत्या आडव्या न रचता पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवणे हे घरगुती उपाय त्यातल्या त्यात उपयुक्त ठरतात. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांचे संग्रह दमट हवेत चकतीला चिकटतात. बुरशीचा उपद्रवही काल्पनिक नाही. बेलीझ या उष्ण कटिबंधीय देशातील एका सीडीचा परावर्तक थर व प्लॅस्टिक जिओट्रायकम जातीच्या बुरशीने पोखरल्याचे २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी दाखवून दिले होते.

चकतीवर नाव लिहिण्यासाठी पाण्यावर आधारित शाईची मऊ टोकाची लेखणी वापरावी. शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहावे. चिकटवायच्या कागदी पट्ट्या दीर्घकाळ ठेवायच्या चकत्यांवर लावू नयेत. त्यांचा गोंद कालांतराने सुटतो वा आकसतो. वेगाने फिरणाऱ्या डीव्हीडीला त्यामुळे येणारा किंचित असमतोलही वाचनात अडथळा आणतो.

राखीव प्रतींसाठी वापर

राखीव प्रत म्हणून चकतीचा सर्वांत मोठा गुण तिच्या उणिवेतच आहे. एकदा लिहिलेली सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर पुन्हा बदलता येत नाही. संगणकात शिरलेला विषाणू, चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी प्रणाली सतत जोडलेल्या हार्ड डिस्कवरील प्रतही नष्ट करू शकते. कपाटातील बंद चकतीला ती स्पर्श करू शकत नाही. हाच लाभ पुनर्लेखनाच्या चकत्यांना पूर्णपणे लागू होत नाही. म्हणून आरडब्ल्यू चकत्या आठवड्याच्या फिरत्या प्रतींसाठी ठीक, पण कायमच्या संग्रहासाठी अयोग्य ठरतात.

दोहोंपैकी कोणती निवडावी हे विदेच्या आकारमानावर व स्वरूपावर अवलंबून आहे. ४० गिगाबाइट छायाचित्रांसाठी किमान ५५ सीडी लागतील, तर डीव्हीडी केवळ ९ लागतील. पंचावन्न चकत्या लिहिणे, तपासणे व सांभाळणे बहुतेकांकडून होत नाही आणि अर्धवट राहिलेली राखीव प्रत ही प्रतच नव्हे. याउलट एखाद्या संस्थेची घटना, जमाखर्चाची पत्रके, प्रबंधाचा मजकूर किंवा घराण्याच्या कागदपत्रांची छायाप्रत काही शे मेगाबाइटांतच मावते. तेथे चांगल्या प्रतीच्या सीडी-आरच्या दोन प्रती डीव्हीडीच्या एका प्रतीपेक्षा भरवशाच्या ठरतात. दोन थरांच्या डीव्हीडी क्षमतेने आकर्षक असल्या, तरी त्यांचा दुसरा थर अर्धपारदर्शक पहिल्या थरामागून वाचावा लागतो. दीर्घकालीन संग्रहासाठी एका थराच्या चकत्याच पसंत केल्या जातात.

मोठा संग्रह एकाच दाबलेल्या फाइलीत बांधून तिचे तुकडे अनेक चकत्यांवर विभागणे टाळावे. त्यांतील एक चकती बिघडली की बहुधा उरलेल्या सर्व निरुपयोगी होतात. प्रत्येक चकती स्वतंत्रपणे उघडता येईल अशा रीतीने, वर्षानुसार किंवा विषयानुसार फाइली लावणे हितावह असते. चकतीवर मोकळी जागा उरल्यास तेथे अतिरिक्त त्रुटिसुधार विदा लिहिणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. डीव्हीडिझास्टर हे त्यांचे मुक्त स्रोत असलेले उदाहरण आहे.

लिहून झाल्यावर ड्राइव्हने ‘पूर्ण’ असा संदेश दिला म्हणजे विदा सुरक्षित झाली असे नाही. लेखनप्रणालीतील पडताळणीचा पर्याय वापरणे, आणि त्यापुढे जाऊन प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ सारखा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला ठशासारखा आकडा, वेगळ्या यादीत जपून ठेवणे आवश्यक आहे. पुढे कधीही तो आकडा पुन्हा काढून जुळवला की फाइल एका बिटानेही बदललेली नाही याची खात्री होते. पडताळणी शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हमध्ये करावी. लिहिणारे यंत्र स्वतःचे सदोष लेखन वाचू शकते, इतरांना ते जमत नाही, असा प्रकार वारंवार घडतो. लेखनाचा वेग किमान ठेवावा हा जुना सल्ला सर्वत्र लागू नाही. अतिवेगासाठी बनवलेल्या रंजकावर फार संथ लेखनाने उलट त्रुटी वाढू शकतात. मध्यम वेग सामान्यतः योग्य असतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या ‘३-२-१’ या नियमानुसार विदेच्या तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. सीडी व डीव्हीडी ही दोन भिन्न माध्यमे मानता येतील का, याचे काटेकोर उत्तर नकारार्थी आहे. दोन्ही एकाच प्रकारच्या ड्राइव्हवर, एकाच प्रकारच्या रसायनांवर अवलंबून आहेत. दुसरे माध्यम हार्ड डिस्क असणे अधिक योग्य.

न्यायालयीन पुरावा म्हणून वापर

भारतात ध्वनिमुद्रणे व चित्रणे न्यायालयात सादर करण्यासाठी सीडी व डीव्हीडींचा व्यापक वापर झाला. कायद्याच्या दृष्टीने अशी चकती ही मूळ नोंद नसून सहसा तिची प्रत असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील अन्वर पी. व्ही. वि. पी. के. बशीर या सीडींशीच संबंधित खटल्यात, भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब नुसार प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर अशी प्रत पुराव्यात ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीसंबंधीच्या वादात हाच प्रश्न पुन्हा उद्भवला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला की नाही, हे दाखवणारे चित्रण व्हीसीडींच्या रूपात न्यायालयापुढे आले होते, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळाले नव्हते. १४ जुलै २०२० रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राची अट कायम ठेवली. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केल्यास मात्र ते लागत नाही, हेही स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश नोंदवण्याची तरतूद आहे. त्यामुळे चकतीवरील फाइलीचा हॅश लिहिण्याच्या दिवशीच काढून ठेवण्याला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

जुन्या चकत्यांतील विदा परत मिळवणे

२००८ मध्ये ॲपलने प्रकाशीय ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर आणला. त्यानंतरच्या दशकात बहुतेक लॅपटॉपांतून हे ड्राइव्ह नाहीसे झाले. चकती शाबूत असूनही ती वाचणारे यंत्र हाताशी नसणे हा आता रंजक फिका पडण्याइतकाच खरा धोका आहे. यूएसबीने जोडायचे बाह्य ड्राइव्ह अद्याप मिळतात आणि ते सीडी व डीव्हीडी दोन्ही वाचतात.

विदा उतरवून घेताना फाइली एकेक करून न उचलता संपूर्ण चकतीची प्रतिमा एका फाइलीत घेणे श्रेयस्कर असते. डीडीरेस्क्यू यांसारख्या प्रणाली वाचता येणारा भाग आधी उचलतात, अडलेल्या जागांची नोंद ठेवतात आणि त्यांवर नंतर पुन्हा प्रयत्न करतात. तीच नोंद वापरून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये उरलेला भाग वाचता येतो. भिन्न ड्राइव्हांची कुवत भिन्न असल्याने एकात मृत ठरलेली चकती दुसऱ्यात पूर्णपणे वाचली जाण्याचा संभव बराच असतो. व्हीसीडीसाठी मात्र साधी प्रतिमा पुरत नाही, कारण तिचे खंड मोठे असतात. तिच्यातील चित्रण कच्च्या खंडांसह वाचणाऱ्या प्रणालीनेच घ्यावे लागते, अन्यथा फाइल अर्धवट राहते. डीव्हीडीवरील चित्रण व्हीओबी या नावाच्या साध्या फाइलींत असते व ते सरळ उतरवता येते. व्यावसायिक चित्रपटांच्या डीव्हीडींना कूटबद्ध संरक्षण असते, घरगुती समारंभांच्या डीव्हीडींना सहसा नसते.